लाँगमनचा उच्चारकोश जोडशब्दांच्या कसोटीवर

इंग्रजी जोडशब्दाचा उच्चार शोधायला साधा कोश उघडला की बहुतेक वेळा निम्मंच उत्तर हाती लागतं. ‘ब्लॅकबोर्ड’, ‘न्यूजपेपर’ असे सलग लिहिले जाणारे शब्द सापडतात. पण ‘बस स्टॉप’, ‘पेपर बॅग’, ‘ख्रिसमस डे’ असे मध्ये जागा सोडून लिहिलेले शब्द आले की अनेक कोश दोन्ही पदांचे उच्चार वेगवेगळे देऊन मोकळे होतात. पदं म्हणता येतात, पण जोर कुठल्या पदावर टाकायचा ते कळत नाही. ऐकणाऱ्याला मात्र सगळ्यात आधी तेच खटकतं. ब्रिटिश ध्वनिशास्त्रज्ञ जे. सी. वेल्स यांची ‘लाँगमन प्रोनन्सिएशन डिक्शनरी’ नेमकी इथे कामाला येते. पहिली आवृत्ती १९९०ची, दुसरी २०००ची, तिसरी २००८ची. हे परीक्षण तिसऱ्या आवृत्तीचं आहे, आणि फक्त जोडशब्दांपुरतं.

मत आधीच सांगून टाकतो. जोडशब्दांवरच्या आघातासाठी, म्हणजे जोर कुठे द्यायचा यासाठी, हा कोश अजूनही पहिल्या पसंतीचा आहे. सिलॅबल, म्हणजे एका स्वराभोवतीचा उच्चाराचा तुकडा, तोडण्याची त्याची रीत मात्र वेगळीच आहे. ती समजून न घेता कोश वापरला तर गोंधळ होतो. आणि सोबत येणाऱ्या सीडीकडे बघून खरेदी करू नये.

पुढे दोन खुणा लागतील. ˈ ही वरची उभी रेघ मुख्य आघाताची आणि ˌ ही खालची रेघ दुय्यम आघाताची. दोन्ही त्या त्या सिलॅबलच्या आधी येतात. सिलॅबलची हद्द इथे आडव्या रेघेनं दाखवली आहे. कोशात त्या जागी नुसती मोकळी जागा असते. देवनागरीतून इंग्रजी स्वर पुरेपूर उतरत नाहीत, त्यामुळे इथले उच्चार आघात आणि हद्दी कळण्यापुरतेच समजावेत.

नोंद कशी वाचायची

सलग लिहिलेल्या जोडशब्दाला स्वतंत्र नोंद असते. सुटा लिहिलेला जोडशब्द पूर्वपदाच्या नोंदीच्या शेवटी येतो. म्हणजे ‘बस स्टॉप’ हवा असेल तर ‘बस’ उघडायचं आणि नोंदीच्या तळाशी जायचं. तिथे जोडशब्दांची यादी असते, त्यात आघाताच्या रेघा थेट स्पेलिंगवरच मारलेल्या असतात आणि उच्चार पुन्हा लिहिलेला नसतो. नवा वापरणारा इथेच फसतो. ‘बस स्टॉप’ची वेगळी नोंद नाही असं बघून तो कोश मिटतो.

आधी ब्रिटिश उच्चार, मग दोन उभ्या रेघा, मग अमेरिकन. अमेरिकन बाजूला बहुधा बदललेला तुकडाच छापलेला असतो. ‘सॉसपॅन’ घ्या. ब्रिटिश उच्चार ˈसॉस-पन, शेवटचा स्वर अगदी पुसट. उभ्या रेघांच्या पुढे फक्त ‘-पॅन’. हा तुकडा म्हणजे निराळा शब्द नाही. आधीचा भाग तसाच ठेवून शेवट बदलायचा. शिकणाऱ्यानं घ्यावा असा मुख्य उच्चार रंगीत छपाईत असतो आणि पर्यायी उच्चार काळ्यात. घाईत असाल तर रंगीत तेवढं वाचलं तरी चालतं.

एक छोटा काळा त्रिकोण आहे, डावीकडे टोक असलेला. जोडशब्दांसाठी तो फार मोलाचा, आणि बहुतेक जण तो शोभेचा समजून सोडून देतात. त्याचा अर्थ असा: या शब्दाचा मुख्य आघात शेवटाकडे आहे, पण लगेच पुढे दुसरा आघातयुक्त शब्द आला तर तो मागे सरकतो. ‘आफ्टरनून’ एकटा असेल तर ˌआफ्ट-अ-ˈनून. ‘आफ्टरनून टी’ म्हणताना जोर ‘आफ्ट’वर येतो, ‘नून’ मऊ पडतो, आणि सगळ्यात मोठा जोर ‘टी’वर. ही सरक न करता बोललं की ‘नून’ आणि ‘टी’ हे दोन जोर एकमेकांना चिकटतात आणि वाक्य अडखळल्यासारखं वाटतं.

सिलॅबलची हद्द

सिलॅबल तोडताना वेल्स यांचं तत्त्व असं: दोन स्वरांमधलं व्यंजन, त्या दोघांपैकी ज्या सिलॅबलवर जास्त जोर आहे त्याच्या पदरात टाकायचं. त्यामुळे या कोशात ‘सिटी’ हा ‘सिट-इ’ असा तुटतो आणि ‘पेट्रोल’ ‘पेट्र-अल’ असा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही छपाईची चूक वाटते. केंब्रिजचा कोश ‘पेट्रोल’ला ‘पेट-रल’ म्हणतो. केंब्रिजकडे आज असलेला उच्चारकोश मूळचा डॅनियल जोन्स यांचा, १९१७चा; त्याची अठरावी आवृत्ती २०११ची. तिथे उलटं तत्त्व आहे, शक्य तितकी व्यंजनं पुढच्या सिलॅबलच्या सुरुवातीला द्यायची; फक्त आघाताचा आखूड स्वर उघडा सोडायचा नाही, म्हणून ‘पेट’मध्ये ‘ट’ मागे राहतो. एकाच शब्दाची दोन कोशांत दोन तऱ्हांनी फोड दिसली तर त्यातली एक खोटी असते असं नाही.

मग वेल्स यांच्या विचित्र फोडीचा उपयोग काय? जोडशब्दांत तो लगेच दिसतो. ‘सेल्फिश’ म्हणजे स्वार्थी आणि ‘शेलफिश’ म्हणजे शिंपल्यातला जलचर, ही जोडी पाहा. पहिल्या व्यंजनाखेरीज दोघांचे ध्वनी एकाच क्रमानं येतात. केंब्रिजच्या फोडीत दोन्ही सारखेच तुटतात: सेल-फिश, शेल-फिश. लाँगमनमध्ये पहिला ‘सेल्फ-इश’ आणि दुसरा ‘शेल-फिश’. कारण ‘सेल्फ’ आणि ‘फिश’ ही आपापल्या शब्दांची अखंड पदं आहेत. याचा परिणाम कानाला जाणवतो. इंग्रजीत प, ट, क, फ, स असं घोष (गळ्यातलं कंपन) नसलेलं व्यंजन त्याच सिलॅबलमध्ये मागून आलं की आधीचा स्वर आखूड होतो. ‘सेल्फ’मध्ये ‘फ’ त्याच सिलॅबलचा, म्हणून ‘ए’ आणि ‘ल’ दोन्ही आवरते घ्यायचे. ‘शेल’मध्ये ‘फ’ पुढच्या पदाचा, म्हणून ‘शेल’ ऐसपैस. हा फरक पाळला तर ‘शेलफिश’मधले दोन शब्द ऐकू येतात. न पाळला तर तो एकसंध, अनोळखी शब्द होतो.

‘टोस्ट रॅक’ आणि ‘टो-स्ट्रॅप’ ही जोडीही अशीच. पहिला टोस्ट उभे ठेवायचा साचा, दुसरा सायकलच्या पेडलवर पाय धरून ठेवणारा पट्टा. ध्वनी जवळपास तेच: ट, ओ, स, ट, र, अॅ. फक्त हद्द सरकली आहे. पहिल्यात ‘ओ’ आखूड, ‘स्ट’ मागच्या पदात बंद, आणि ‘र’ नव्यानं सुरू होणारा, स्वच्छ घोष. दुसऱ्यात ‘ओ’ लांब आणि ‘स्ट्र’ एका दमात, त्यात ‘र’ घासटलेला. मोकळ्या जागेची खूण बघून बोलायची सवय लागली की असे शब्द आपोआप सुटतात.

देवनागरीत लिहून उच्चार पाठ करणाऱ्यांसाठी हा भाग जास्त महत्त्वाचा. आपली लिपी जोडाक्षरातली सगळी व्यंजनं पुढच्या स्वराला जोडते. ‘सेल्फिश’ लिहिलं की ‘ल्फि’ एकत्र दिसतो, आणि डोळ्यांनी पाहिलेली हद्द तोंडात येते. म्हणून जोडशब्द देवनागरीत टिपताना दोन पदांमध्ये रेघ मारावी आणि पूर्वपदाचं शेवटचं व्यंजन हलन्त ठेवून अलीकडेच राहू द्यावं.

कोशाची ही रीत सगळीकडे पटते असं मात्र नाही. ‘वॉर्डरोब’ मुळात जोडशब्द, पण आज बोलणाऱ्याला त्यात दोन पदं जाणवत नाहीत. ‘ड’ आणि ‘र’ एकमेकांत मिसळून गेले आहेत. ‘बेडरूम’ त्याच वाटेवर आहे: कुणी ‘बेड-रूम’ असा स्पष्ट सांधा ठेवतं, कुणी ‘बे-ड्रूम’ म्हणतं. छापील फोड एकच बाजू दाखवते. अशा शब्दांत मोकळ्या जागेला ब्रह्मवाक्य मानू नये.

इथेच मेरियम-वेबस्टर या अमेरिकन कोशाबद्दल एक खुलासा करायला हवा. त्यांच्या नोंदीत मूळ शब्दावर जे मधले ठिपके असतात, ते सिलॅबलसाठी नाहीत. ओळ संपताना शब्द कुठे तोडून पुढच्या ओळीवर न्यावा हे सांगायला ते छापलेले असतात. छपाईत एकटं अक्षर ओळीच्या टोकाला सोडत नाहीत, म्हणून ‘सिटी’ या दोन सिलॅबलच्या शब्दावर ठिपकाच नसतो. ‘कबर्ड’ या जोडशब्दात ठिपका ‘पी’ आणि ‘बी’ या अक्षरांच्या मध्ये असतो, पण उच्चारात ‘प’ शिल्लकच नाही. सिलॅबल हवे असतील तर त्यांच्या उच्चाराच्या ओळीतल्या आडव्या रेघा बघायच्या. या ठिपक्यांवरून सिलॅबल मोजायला लावणाऱ्या अभ्यासपत्रिका सर्रास दिसतात आणि त्यांची उत्तरं त्यामुळेच चुकतात. शिवाय या कोशाची छापील पद्धत अशी की सुट्या जोडशब्दाच्या दोन्ही पदांना स्वतंत्र नोंदी असतील तर जोडशब्दाचा उच्चार सहसा देत नाहीत. आपला मूळ प्रश्न तसाच राहतो.

आघात: इथे पैसे वसूल होतात

इंग्रजीत दोन नामं जोडली की मुख्य आघात बहुधा पूर्वपदावर: ˈबस स्टॉप, ˈबुकशॉप, ˈब्लॅकबोर्ड. एवढा नियम सगळे शिकवतात. खरी गरज अपवादांची असते, आणि त्यांना आडाखे आहेत. कोशात जोडशब्दांवर एक चौकट आहे, ती आधी वाचावी आणि मग याद्या तपासाव्यात.

उत्तरपदाची वस्तू पूर्वपदाच्या जिनसेपासून बनलेली असेल तर आघात उत्तरपदावर जातो. पेपर ˈबॅग, लेदर ˈजॅकेट, अॅपल ˈपाय. पिशवी कागदाची, जॅकेट चामड्याचं. पण ˈपेपर क्लिप, कारण क्लिप कागदाची बनलेली नसते, कागदासाठी असते. एकच पूर्वपद, आणि नातं बदललं की आघात बदलतो. याला पोटअपवाद आहे तो ‘केक’, ‘ज्यूस’ आणि ‘वॉटर’चा. ही उत्तरपदं आली की जिन्नस असूनही आघात पूर्वपदावर: ˈऑरेंज ज्यूस, ˈअॅपल ज्यूस, ˈस्पंज केक, ˈमिनरल वॉटर. ‘अॅपल पाय’ आणि ‘अॅपल ज्यूस’ पाठोपाठ म्हणून पाहिले की नियम कानात बसतो.

रस्त्यांच्या नावांत शेवटी ‘स्ट्रीट’ असेल तर आघात पूर्वपदावर: ˈऑक्सफर्ड स्ट्रीट. ‘रोड’, ‘अॅव्हेन्यू’, ‘लेन’, ‘स्क्वेअर’, काहीही दुसरं असेल तर शेवटी: ऑक्सफर्ड ˈरोड, पार्क ˈअॅव्हेन्यू. याला तर्क शोधत बसू नये, पाठ करावं.

काळ-वेळेची नावं बहुधा उत्तरपदावर. ‘ख्रिसमस’च्या नोंदीखालची यादी हा या कोशाचा चांगला नमुना आहे. ˌख्रिसमस ˈडे, ˌख्रिसमस ˈईव्ह, ˌख्रिसमस ˈपुडिंग. पण ˈख्रिसमस कार्ड, ˈख्रिसमस ट्री, ˈख्रिसमस केक. एका पूर्वपदाखाली दोन्ही तऱ्हा शेजारीशेजारी दिसतात, वरचे आडाखे तिथल्या तिथे पडताळता येतात, आणि ‘केक’चा पोटअपवादही तिथेच भेटतो.

विशेषण आणि नाम मिळून नाव झालं असेल तर आघात पूर्वपदावर येतो आणि त्यावरूनच ते नाव आहे हे कळतं. ˈग्रीनहाउस म्हणजे रोपं वाढवायचं काचघर; ग्रीन ˈहाउस म्हणजे हिरव्या रंगाचं घर. ‘-इंग’वाल्या शब्दांत हाच फरक क्रिया आणि प्रयोजन यांच्यात: ˈस्लीपिंग पिल ही झोपेसाठीची गोळी, गोळी झोपलेली नाही. स्लीपिंग ˈबेबी मात्र खरंच झोपलेलं बाळ.

अर्थावर लटकणाऱ्या जोड्या कोशाच्या आवाक्याबाहेर राहतात. ˈइंग्लिश टीचर म्हणजे इंग्रजी शिकवणारे, इंग्लिश ˈटीचर म्हणजे इंग्लंडचे शिक्षक. ˈटॉय फॅक्टरी खेळणी बनवते, टॉय ˈफॅक्टरी स्वतःच खेळणं. असल्या जोड्यांची यादी कुठल्याच कोशाला पुरी पडणार नाही. वापरणाऱ्यानं नातं ओळखायचं आणि आघात ठरवायचा.

तीन पदं आली की आधी कुठली दोन घट्ट बांधली आहेत ते पाहायचं. ‘फायर इंजिन ड्रायव्हर’मध्ये ‘फायर इंजिन’ आधी जुळलं, मग ‘ड्रायव्हर’ लागला, म्हणून मुख्य आघात ‘फायर’वर. ‘प्लास्टिक शॉपिंग बॅग’मध्ये ‘शॉपिंग बॅग’ आधी, आणि ‘प्लास्टिक’ तिचं वर्णन, म्हणून मुख्य आघात ‘शॉपिंग’वर. कोशातल्या याद्या मुख्यतः दोन पदांच्या आहेत, त्यामुळे इथे हा आडाखाच कामी येतो.

अमेरिकन आणि ब्रिटिश फरकही इथे नीट दिसतो. ‘वीकेंड’ ब्रिटनमध्ये ˌवीक-ˈएंड, अमेरिकेत ˈवीक-एंड. ‘आइसक्रीम’ ब्रिटिश बाजूला उत्तरपदावर जोर आणि सरकणारा त्रिकोण. अमेरिकन बाजूला पूर्वपदावर. कुठलीही एक बाजू धरा, पण ‘वीकेंड’ एका बाजूचा आणि ‘आइसक्रीम’ दुसऱ्या बाजूचा असं मिश्रण टाळा.

आता हा आघात तोंडानं द्यायचा कसा, याबद्दल कोश गप्प आहे. मराठी बोलणारे सगळ्या सिलॅबलना जवळपास सारखं वजन देतात, आणि ‘जोर द्या’ म्हटलं की आवाज वाढवतात. काम होतं ते सुरानं. ˈबस स्टॉप म्हणताना ‘बस’वर सूर वर न्यायचा, ‘स्टॉप’वर खाली आणून तिथेच सपाट ठेवायचा. उत्तरपदाचा सूर उतरला तरी त्याचा स्वर पुसट करायचा नाही. ‘स्टॉप’मधला ‘ऑ’ पुरताच हवा. अगदी ‘ब्लॅकबर्ड’मधल्या ‘बर्ड’चाही स्वर शाबूत राहतो. पेपर ˈबॅगमध्ये ‘पेपर’ मध्यम सुरात आणि मोठा उतार ‘बॅग’वर. सुटं म्हणून जमलं की तोच शब्द वाक्याच्या मध्यावर टाकून म्हणावा. शेवटी टाकला तर वाक्याचा नेहमीचा उतार त्याच्यावर येतो आणि जोर कुठे पडला हे स्वतःलाच कळत नाही.

झिजलेली पदं आणि सांध्यावरचे ध्वनी

काही जोडशब्दांत उत्तरपद इतकं झिजलं आहे की स्पेलिंग दिशाभूल करतं. ‘कबर्ड’मध्ये ‘बोर्ड’ उरला नाही, ‘बड’ राहिला, अमेरिकन बाजूला ‘बर्ड’. ‘ब्लॅकबोर्ड’ आणि ‘कीबोर्ड’मध्ये मात्र ‘बोर्ड’ पुरता. ‘व्हाइनयार्ड’ लिहितात, म्हणतात ˈविन्-यड. ‘बोटस्वेन’ म्हणजे जहाजावरचा मुकादम, त्याचा उच्चार ˈबोस-अन. ‘वेस्टकोट’मधला पहिला ‘ट’ जातो; जुन्या वळणात तो ‘वेस्किट’ही होता. ‘फोरहेड’चे दोन उच्चार चालतात, ˈफॉर-इड आणि ˈफॉ-हेड, आणि दुसरा स्पेलिंग बघून परत आलेला आहे.

‘-मन’ची गंमत लक्षात ठेवण्यासारखी. ‘पोस्टमन’, ‘मिल्कमन’, ‘पोलीसमन’ यांत शेवटचा स्वर पुसट, आणि अनेकवचनात स्पेलिंग बदलूनही उच्चार तोच राहतो. एक की अनेक हे वाक्यावरून ओळखायचं. ‘स्नोमॅन’, ‘सुपरमॅन’मध्ये ‘मॅन’ पुरता. ‘-लँड’चंही तसंच: ‘स्कॉटलंड’, ‘आइसलंड’ पुसट, ‘थायलँड’, ‘डिस्नीलँड’ पुरते. नियम सांगता येत नाही, नोंद पाहावी लागते, आणि इथे कोश चोख आहे.

‘स्ट्रॉबेरी’साठी कोश आणखी एक खूण वापरतो, दोन सिलॅबलखालची छोटी वक्र रेघ. तिचा अर्थ, ते दोन सिलॅबल एकात मिटू शकतात. ब्रिटिश बाजूला ˈस्ट्रॉ-बर-इ असे तीन किंवा ˈस्ट्रॉ-ब्रि असे दोन. अमेरिकन बाजूला ‘बे’ पुरता. सिलॅबल मोजायचा प्रश्न असेल तर उत्तर ‘दोन किंवा तीन’ हेच बरोबर.

सांध्यावर एकच व्यंजन दोनदा आलं की ते एकदाच उच्चारायचं, पण जास्त वेळ धरून. ‘बुककेस’मध्ये ‘पक्का’तल्यासारखा ‘क्क’. ‘बस स्टॉप’मध्ये लांब ‘स्’, ‘लॅम्पपोस्ट’मध्ये धरलेला ‘प्’. दोन चुका ठरलेल्या: पहिला ‘क’ सोडून मध्ये हलका ‘अ’ घुसवणं, किंवा एक ‘क’ खाऊन ‘बुकेस’ म्हणणं. जोडाक्षर नीट म्हणणाऱ्याला हा भाग सोपा जावा.

‘ह’नं सुरू होणारं उत्तरपद आलं की आपली अडचण वेगळी. ‘लाइटहाउस’, ‘पॉटहोल’, ‘लूपहोल’, ‘कप होल्डर’ यांत ट किंवा प आणि ह वेगळे राहायला हवेत. आपल्या जिभेला ‘ठ’ आणि ‘फ’ तयार मिळतात, त्यामुळे ‘लाइठाउस’, ‘लूफोल’ असं होऊन बसतं. स्पेलिंगमधलं ‘टी-एच’ बघून ‘पोथोल’ म्हणणारेही असतात. कोशात ‘पॉट’ आणि ‘होल’च्या मध्ये मोकळी जागा छापली आहे, तिथे ‘ट’ला ओठांपर्यंत हवा न सोडता थांबवायचं आणि ‘ह’ नव्या श्वासानं काढायचा. उलट ‘शेपर्ड’मध्ये, म्हणजे मेंढपाळात, ‘ह’ पूर्ण गेला आहे. तिथे तो परत आणायचा नाही.

‘हँडबॅग’च्या नोंदीत एक बाण आहे आणि बाणापुढे ‘हॅम-’. भरभर बोलताना ‘ड’ गळतो आणि ‘न’ पुढच्या ‘ब’मुळे ‘म’ होतो. बाणापुढचा उच्चार ऐकून ओळखण्यासाठी आहे; तो काढलाच पाहिजे असं नाही. ‘न्यूजपेपर’मध्ये ब्रिटिश बाजूला ‘न्यूस्’ आधी, अमेरिकन बाजूला ‘नूझ्’.

आवाज, आणि हाताशी ठेवायची इतर साधनं

तिसऱ्या आवृत्तीसोबत सीडी येते, तिच्यात ब्रिटिश आणि अमेरिकन आवाज आहेत. अडचण साधी: आजच्या बहुतेक संगणकांत सीडी घालायला खाच नसते, आणि सॉफ्टवेअर २००८च्या यंत्रांसाठी लिहिलेलं आहे. आवाजासाठी ऑक्सफर्डचा किंवा केंब्रिजचा ऑनलाइन शिकाऊ कोश वापरावा. दोन्ही मोफत आहेत, दोन्हींत ब्रिटिश-अमेरिकन आवाज वेगवेगळे मिळतात, आणि बरेचसे सुटे जोडशब्द आता तिथे स्वतंत्र नोंदी म्हणून आघातासकट आहेत. केंब्रिजच्या उच्चारात सिलॅबलमध्ये ठिपके असतात, आणि ते खरोखरच सिलॅबलचे आहेत.

जो जोडशब्द कुठेच नाही, त्यासाठी यूग्लिश हे संकेतस्थळ. शब्दप्रयोग टाकला की यूट्यूबवरच्या व्हिडिओंतले ते तुकडे एकामागून एक ऐकवतं. ब्रिटिश, अमेरिकन, ऑस्ट्रेलियन अशी चाळणी लावता येते. निदान दहा वेगवेगळ्या तोंडांतून ऐकावं. ज्या वाक्यात बोलणारा दोन गोष्टींची तुलना करतोय ते मोजू नये. ‘बस स्टॉप नव्हे, बस स्टेशन’ म्हणताना जोर नेहमीची जागा सोडतो. फोर्वोवर स्वयंसेवकांनी केलेली ध्वनिमुद्रणं आहेत, पण तिथे शब्द सुटा, यादी वाचल्याच्या सुरात असतो. सिलॅबल आणि स्वर तपासायला बरा, आघातासाठी कच्चा. यांत्रिक आवाजावर तर सुट्या जोडशब्दासाठी विसंबूच नये. दोन पदं सारख्या जोरानं शेजारी ठेवण्याची चूक त्यांच्याकडून अजून होते.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी कार्नेगी मेलन विद्यापीठाचा मोफत उच्चारकोश आहे, १,३४,०००च्या वर शब्दांचा. प्रत्येक स्वरापुढे ०, १, २ असे आघाताचे आकडे आहेत. उच्चार उत्तर अमेरिकन, सिलॅबलच्या हद्दी नाहीत, आणि सुटे जोडशब्द नाहीत. सिलॅबल मोजायचे असतील तर स्वर मोजले की झालं. हद्दी पाडायच्या असतील तर वरच्या दोन तत्त्वांपैकी एक निवडून स्वतः नियम लिहावा लागतो, आणि वेल्स यांचं तत्त्व निवडलं तर ‘शेलफिश’ तिथे ‘शेल्फ-इश’ होऊन चुकणारच, कारण पदं कुठे जुळली हे त्या यादीला माहीत नाही.

कोशाच्या उणिवांत वय हीच मोठी. ‘सेल्फी स्टिक’ २००८च्या छपाईत असण्याचा प्रश्नच नाही. काठी सेल्फीसाठी आहे, म्हणून आडाखा ‘सेल्फी’वर आघात ठेवायला सांगतो आणि बोलण्यातही तो तिथेच असतो. अक्षर बारीक आहे, पानं नऊशेच्या वर, आणि खुणांचा तक्ता पाठ होईपर्यंत प्रत्येक नोंदीला दोनदा पानं उलटावी लागतात. तक्त्याची झेरॉक्स काढून मलपृष्ठाच्या आत चिकटवावी.

शाळकरी मुलांसाठी हा कोश घेऊ नये. त्यांना ऑनलाइन शिकाऊ कोश पुरतो. इंग्रजी शिकवणारे, निवेदन करणारे, भाषांतर वाचून दाखवणारे आणि उच्चाराचं सॉफ्टवेअर बनवणारे यांनी जरूर घ्यावा. जुन्या पुस्तकांत दुसरी आवृत्ती मिळाली तर जोडशब्दांपुरती तीही चालेल, कारण ‘ऑक्सफर्ड स्ट्रीट’ आणि ‘ऑक्सफर्ड रोड’ यांच्यातला फरक त्या आठ वर्षांत बदललेला नाही. घेण्याआधी ‘ख्रिसमस’चं पान उघडून रेघा स्पष्ट उमटल्या आहेत ना, एवढं पाहावं. फिकट प्रतीत ˈ आणि ˌ सारखेच दिसतात, आणि मग घेऊन उपयोग नाही.